चित्रातला सातबारा

(जमिनीच्या हक्कांवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं हे भाषण. बोलताना पडद्यावर दोन चित्रं दाखवली होती. ती समोर नसतानाही वाचता यावं म्हणून वर्णन थोडं वाढवलं आहे.)



सकाळपासून आपण वारसनोंद, फेरफार आणि हक्कसोडपत्र यांवर बोलतो आहोत. आणि जेवणानंतर पडद्यावर एकदम इंग्लंडमधलं पावणेतीनशे वर्षांपूर्वीचं निसर्गचित्र आलं, म्हणून काहीजणी एकमेकींकडे बघताहेत. चित्रं पाहणं हे सवड असलेल्यांचं काम, असं आपल्याला वाटत आलं आहे. पण सातबारा तरी आपल्यातल्या किती जणींना सुरुवातीपासून वाचता येत होता? तलाठ्यानं कागद पुढे केला की मान डोलवायची, एवढंच माहीत होतं. रकाने समजायला लागले तसे आपण प्रश्न विचारायला लागलो. चित्रही असंच वाचायला शिकता येतं. कोणाचं नाव कुठे आहे, कोणाचं नाहीच, आणि कोणाला कुठल्या रकान्यात टाकलं आहे, हेच तिथेही पाहायचं असतं.

आधी चित्राची ओळख करून देते. नाव आहे ‘मिस्टर अँड मिसेस अँड्र्यूज’. चित्रकार थॉमस गेन्सबरो. काळ १७५० च्या सुमाराचा. लंडनच्या नॅशनल गॅलरीत मी ते पाहिलं. पुस्तकांतून इतकं गाजलेलं चित्र भिंतभर असेल असं वाटतं, पण ते सुमारे ७० सेंटिमीटर उंच आणि ११९ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे शाळेच्या भिंतीवर टांगलेल्या नकाशाएवढं. नकाशाची आठवण मुद्दाम करून देते आहे, कारण हे चित्र बरंचसं नकाशाचंच काम करतं.

रॉबर्ट अँड्र्यूज आणि फ्रान्सेस कार्टर यांचं लग्न १७४८ साली झालं. तो बावीस-तेवीस वर्षांचा, ती सोळाची. दोन्ही घराणी पैसेवाली आणि जमीनजुमला असलेली. इंग्लंडच्या पूर्व भागात सडबरी नावाचं गाव आहे, गेन्सबरो तिथलाच. त्या गावाजवळ नवऱ्यामुलाची ऑबरीज नावाची इस्टेट होती. ती इस्टेट म्हणजेच चित्रातलं शेत. चित्र पुढे दोनशे वर्षं त्याच घराण्यात राहिलं आणि १९६० साली गॅलरीनं विकत घेतलं. म्हणजे हे मुळात लोकांनी पाहावं म्हणून काढलेलंच नव्हतं. घरातल्या भिंतीवर लावायचं, आल्यागेल्यानं पाहायचं आणि मुलाबाळांनी सांभाळायचं, असं ते चित्र होतं.

आता त्याची मांडणी पाहू. मांडणी म्हणजे काय? चौकट ठरलेली असते. तेवढ्या जागेत कोणाला कुठे बसवायचं, कोणाला किती जागा द्यायची, उजेड कशावर पाडायचा आणि काय चौकटीबाहेर ठेवायचं, हे चित्रकार ठरवतो. थोडक्यात, ती एक वाटणीच असते. आणि वाटणी म्हटली की कोणाच्या वाट्याला काय आलं, हे आपण विचारणारच.

पहिली गोष्ट, माणसं कुठे आहेत? नवं लग्न झालेल्या श्रीमंत जोडप्यानं आपलं चित्र काढून घेतलं, की सहसा ते दोघं मधोमध असतात आणि मागे पडदा, खांब किंवा धूसर झाडी असते. इथे दोघांनाही डाव्या बाजूला सरकवलं आहे. ओकच्या जाड बुंध्यापाशी तो उभा आहे, ती वळणदार बाकावर बसली आहे. उरलेली निम्म्याहून जास्त जागा शेताची. माणसांचं चित्र काढून घ्यायला पैसे दिले, आणि जागा मात्र जमिनीला जास्त.

एक करून पाहा. डावा तळहात डोळ्यांसमोर धरा आणि जोडपं झाका. काय उरलं? एक पुरं निसर्गचित्र. शेत, कुंपणं, दूरवर झाडी, वर पावसाळी ढग. कशाचीच उणीव वाटत नाही. आता उलट करा, शेत झाका. उरले दोन नटलेले लोक. ते कोण, इथे का आले, काही कळत नाही. म्हणजे जमिनीला या दोघांची गरज नाही, या दोघांना जमिनीची आहे. त्यांची ओळख उजव्या बाजूला लिहिलेली आहे.

आता मी सातबारा का म्हणते ते सांगते. आपल्या सातबाऱ्यात दोन नमुने असतात हे तुम्हाला पाठ आहे. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, जमीन कोणाच्या नावावर आहे ते. गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद, जमिनीत काय आहे ते. हे चित्र तसंच वाचा. डावीकडे सात आहे, उजवीकडे बारा.

बारा आधी वाचू. उजव्या बाजूला पुढेच कापलेल्या पिकाच्या पेंढ्या उभ्या करून ठेवल्या आहेत. मागे सोडलेल्या सडांच्या ओळी सरळ आहेत. या सरळ ओळी म्हणजे यंत्रानं पेरणी केल्याची खूण, असं अभ्यासक सांगतात. आपल्याकडे पाभर आणि तिफण शेकडो वर्षांची, त्यामुळे ओळीत पेरलं याचं आपल्याला काही वाटत नाही. तिथे मात्र बी हातानं फेकून पेरायची रीत होती आणि पेरणीयंत्र नवीन होतं. म्हणजे हा सुधारलेला शेतकरी, हे त्या ओळी सांगतात. या ओळी नजरेला हात धरून आत नेतात. त्यांच्यामागे कुंपण, कुंपणापलीकडे मेंढ्या, मग पुन्हा कुंपण, आणि दूर झाडीतून डोकावणारा चर्चचा मनोरा. नजर जिथे जिथे जाते, तिथे तिथे बांध घातलेला आहे. मोकाट काहीच नाही, जनावरंसुद्धा आपापल्या कुंपणात.

ही कुंपणं शोभेसाठी नाहीत. त्या काळात इंग्लंडमधली गावाच्या सामाईक वापरातली राने आणि कुरणं हळूहळू कुंपणात घेतली जात होती. पुढे तर त्यासाठी पार्लमेंटमध्ये गावोगावचे वेगवेगळे कायदे झाले. १६०४ ते १९१४ या काळात असे ५,२०० हून अधिक कायदे झाले आणि इंग्लंडची जवळपास एक पंचमांश जमीन त्यांत आली. ज्यांची गाय सामाईक कुरणावर चरायची, ज्या बायका तिथून सरपण आणायच्या, त्यांच्या हातून ते गेलं. आपल्याकडे गायरान आणि वनजमिनीवर काम करणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आता सात वाचू. रॉबर्टच्या काखेत बंदूक आहे, पायाशी कुत्रा त्याच्याकडे मान वर करून बघतो आहे. शिकारीहून येताना सहज थांबलोय, असा आव आहे. पण बंदूक सहज आलेली नाही. १६७१ च्या शिकार कायद्यानुसार, ढोबळ मानानं ज्याचं जमिनीचं उत्पन्न वर्षाला १०० पौंडांच्या वर असेल, त्यालाच शिकार करायची मुभा होती. बाकीच्यांनी आपल्या रानातला ससा मारला तरी गुन्हा. तेव्हा चित्रातली बंदूक हा जमिनीचा दाखलाच आहे. तो उभा कसा आहे तेही पाहा. एका पायावर भार, दुसरा पाय आडवा, एक कोपर बाकावर टेकलेलं. मनात आलं की निघेल आणि शेतातून चालू लागेल, इतका सैल.

आणि ती? चित्रात सगळ्यात आधी लक्ष जातं ते तिच्या निळ्या रेशमी पोशाखाकडे. रंगाचा एवढा मोठा, चमकणारा तुकडा दुसरीकडे कुठेच नाही. पण तो पोशाख पाहा. आत घेर देणारा सांगाडा, वर रेशीम, पायांत टोकदार नाजूक चपला. अशा चपलांनी ढेकळांतून चार पावलं टाकता येणार नाहीत, आणि बाकापासून शेताकडे पायवाट काढलेलीही नाही. ती ताठ बसली आहे. कंबर इतकी बारीक आणि अंग इतकं ताठ की बाहुलीच वाटावी. गेन्सबरो त्या दिवसांत कपडे घातलेल्या बाहुल्या समोर ठेवून काम करत असे, तेव्हा हे नुसतं वाटणं नसेल. तो उभा राहून जमीन दाखवतो आहे, आणि जे दाखवलं जातं आहे त्यात तीही आहे.

जॉन बर्जर या इंग्रज लेखकानं १९७२ साली दूरदर्शनवरच्या एका मालिकेत आणि पुस्तकात हे चित्र लोकांपुढे ठेवलं. या दोघांकडे निसर्गाचे चाहते म्हणून न पाहता जमिनीचे मालक म्हणून पाहा, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यावर पुष्कळ वाद झाला. मला त्यांचं पटतं, पण एका शब्दापाशी मी अडते. मालक हा शब्द ते दोघांना मिळून वापरतात. आपल्या कामातला प्रश्न तिथूनच सुरू होतो. दोघं मालक होते का?

इंग्लंडचा तेव्हाचा कायदा असं सांगत होता की लग्न झालं की नवराबायको मिळून कायद्याला एकच माणूस, आणि तो माणूस म्हणजे नवरा. बाईची रोख रक्कम, दागिने, सामानसुमान नवऱ्याचं व्हायचं. तिच्या नावावर जमीन असली तर ती तिच्या संमतीशिवाय त्याला विकता यायची नाही, पण वहिवाट आणि उत्पन्न त्याच्याच हातात. स्वतःच्या नावानं करार करणं, दावा लावणं तिला जवळपास अशक्य होतं. श्रीमंत घराण्यांत मुलीसाठी वेगळे करारनामे करून थोडी तरतूद ठेवत, ती बापानं ठरवलेली आणि विश्वस्तांच्या हाती असायची. विवाहित बाईला स्वतःची मालमत्ता स्वतःच्या नावानं ठेवण्याचा पुरता हक्क तिथे १८८२ च्या कायद्यानं मिळाला. चित्र काढल्यानंतर सव्वाशेहून जास्त वर्षांनी.

म्हणजे हे लग्न जमीनजुमला असलेल्या दोन घराण्यांचं होतं, पण लग्नातून जे जुळलं ते तिच्यामधून गेलं, तिच्यापाशी थांबलं नाही. बापाच्या घरून निघून नवऱ्याच्या घरी पोचताना मालमत्तेला एक पूल लागतो, तसा तिचा उपयोग झाला. आपल्याकडे हे वेगळं आहे असं कोणाला वाटत असेल तर तिनं हात वर करावा.

आता चित्रातल्या ज्या जागेसाठी मी ते इथे आणलं, तिकडे येते. फ्रान्सेसच्या मांडीवर नीट पाहा. निळ्या रेशमाच्या मधोमध एक तपकिरी डाग दिसतो. छपाईची चूक नाही. तेवढी जागा रंगवलेलीच नाही. खालचा कॅनव्हासचा थर तसाच उघडा आहे. बाकी सगळं चित्र पुरं आहे, पेंढीतली काडीन् काडी दिसते, आणि ऐन मधली ही जागा कोरी. तिथे काहीतरी काढायचं ठरलं होतं आणि ते राहून गेलं.

काय काढायचं असेल, यावर अभ्यासकांनी बरेच अंदाज केले. कोणी म्हणतं नवऱ्यानं मारून आणलेला पक्षी. कोणी म्हणतं पुस्तक. कोणी म्हणतं भरतकाम. कोणी म्हणतं पुढे होणाऱ्या बाळासाठी जागा राखून ठेवली असेल. गेन्सबरोच्या मनात काय होतं यावर मी आणखी एक अंदाज करणार नाही. मला त्या अंदाजांची यादीच महत्त्वाची वाटते. नवऱ्यानं मारलेला पक्षी, घरात बसून करायचं काम, वेळ घालवायला पुस्तक, घराण्याला वारस. बाईच्या मांडीवर काय शोभेल याची ही यादी आहे. शेताचा नकाशा असेल, खरेदीखत असेल, असं कोणाच्या मनात आल्याचं मी वाचलेलं नाही. ते तिथे असण्याची शक्यता नव्हतीच म्हणा. पण ती शक्यता का नव्हती, हे त्या कोऱ्या जागेकडे पाहताना कळतं.

आपल्याकडे मांडीला, पदराला ओटी म्हणतात. आणि आपल्याकडे ओटी कधीच कोरी ठेवत नाहीत. माहेरी आलेल्या लेकीची ओटी भरतात. तांदूळ, नारळ, खण. दिवाळीला साडी, रक्षाबंधनाला पाकीट. आणि वडील गेल्यावर तेराव्याच्या आसपास, त्याच मायेनं, तिच्यापुढे एक कागद येतो. ‘ताई, इथं फक्त सही कर.’ तो कागद हक्कसोडपत्राचा असतो. केलीस तर माहेर उघडं राहील, नाही केलीस तर भाऊबीज बंद, हे कोणी तोंडानं म्हणत नाही. म्हणावं लागत नाही. तुमच्यातल्या किती जणींनी ती सही केली आहे हे मी विचारणार नाही. प्रत्येकीला माहीत आहे.

चित्राच्या वाचनातला शेवटचा प्रश्न बाकी आहे. चौकटीबाहेर कोण आहे? पेंढ्या बांधून उभ्या आहेत. मग कापणी कोणी केली? बांधणी कोणी केली? हंगाम ऐन सुगीचा दिसतो, अशा वेळी रान माणसांनी फुललेलं असतं. इथे मैलभर शेतात एकही मजूर नाही. रान जसं काही आपोआप पिकलं, आपोआप कापलं गेलं. ही माणसं चित्रकाराला दिसली नसतील असं नाही. गावचाच मुलगा तो, त्याला कापणी ठाऊक होती. ती मांडणीत बसत नव्हती. काम करणारा हात दिसला की पेंढ्या कोणाच्या, हा प्रश्न निघतो.

त्या गायब माणसांमध्ये बायका बऱ्याच असणार. कापणी उरकल्यावर रानात सांडलेल्या लोंब्या वेचायला मजुरांच्या बायका आणि पोरं येत. आपण त्याला सरवा म्हणतो. तिथेही तो पिढ्यान् पिढ्यांचा रिवाज होता. काही गावांत सकाळी चर्चची घंटा झाली की मगच सरव्याला सुरुवात करायची, म्हणजे कोणी पुढे आणि कोणी मागे राहायला नको. गरिबाच्या घरात हिवाळ्याच्या भाकरीचा एक भाग त्यातून निघायचा.

आणि मग १७८७ साली, सडबरी ज्या सफक परगण्यात आहे त्याच परगण्यात, टिमवर्थ नावाच्या गावात मेरी हॉटन नावाच्या बाईनं एका जमीनदाराच्या रानात सरवा वेचला. जमीनदारानं तिच्यावर आणि तिच्या नवऱ्यावर दावा लावला. लंडनच्या न्यायालयानं निकाल दिला की दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचण्याचा असा काही हक्क कायद्यात कोणालाही नाही, ती मालकाची मेहेरबानी आहे. रिवाज लगेच बंद पडला नाही. बायका वेचत राहिल्या, अनेक ठिकाणी भांडूनही वेचत राहिल्या. पण जे हक्कानं घेत होत्या ते आता उपकार म्हणून घ्यायचं, हे कागदावर आलं. अँड्र्यूज यांच्या शेतातल्या कुंपणांचं पुढचं पाऊल हे असं होतं.

आता दुसरं चित्र लावा.

हे तुमच्यापैकी काहीजणींनी कॅलेंडरवर पाहिलं असेल. फ्रेंच चित्रकार ज्याँ-फ्रान्स्वा मिले यानं १८५७ साली काढलं. नाव ‘सरवा वेचणाऱ्या’. ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. मी मूळ चित्र पाहिलेलं नाही, छापील प्रतीवरून बोलते आहे. तरी मांडणी स्पष्ट दिसते.

पहिल्या चित्राशेजारी ठेवून पाहा. हंगाम तोच, सुगीचा. पण इथे ज्या तिथे नव्हत्या त्या तिघीजणी अगदी पुढे आल्या आहेत, मोठ्या आणि जड. एकीच्या डोक्याला निळं फडकं, दुसरीच्या लाल. दोघी पुऱ्या वाकलेल्या, तिसरी अर्धवट. वाकायचं, उचलायचं, उठायचं आणि पुन्हा वाकायचं, या कामाच्या तीन अवस्था एकाच चित्रात मांडल्या आहेत. कलता उजेड त्यांच्या पाठीवर, मानेवर आणि हातांवर पडला आहे. चेहरे सावलीत, नीट दिसत नाहीत. आणि जमीन उंच चढत गेली आहे, क्षितिजाची रेघ त्यांच्या पाठींवरून जाते. अर्धवट उभी आहे तीसुद्धा त्या रेघेच्या वर धड निघत नाही. आकाश त्यांच्या वाट्याला आलेलंच नाही. पहिल्या चित्रात केवढं आकाश होतं आठवा.

मागे, दूरवर, सोनेरी उजेडात काय आहे? धान्याच्या मोठाल्या गंज्या, भरलेली गाडी, कापणीला लागलेली माणसांची गर्दी. आणि उजव्या कडेला घोड्यावर बसलेला एक माणूस, बहुधा मालकाचा कारभारी. तो अगदी छोटा काढला आहे, पण त्याच्यामुळे सगळं चित्र बदलतं. तो आहे म्हणून या तिघी कोणाच्या तरी नजरेखाली आहेत. गंज्यांचा ढीग आणि यांच्या हातातली मूठभर लोंब्यांची जुडी, यांच्यामध्ये मोकळ्या रानाचा जो पट्टा सोडला आहे, तो चित्रातला सगळ्यात बोलका भाग. तो ओलांडून कोणी इकडे येत नाही, या तिकडे जात नाहीत.

हे चित्र पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात लागलं तेव्हा बड्या लोकांना ते आवडलं नाही. १८४८ ची क्रांती होऊन दहा वर्षं झाली नव्हती, आणि एका टीकाकाराला तर या वाकलेल्या बायकांच्या मागे दंगलीच्या सावल्या दिसल्या. तीन म्हाताऱ्या होऊ घातलेल्या बाया लोंब्या वेचताहेत, यात भ्यायला काय होतं? भीती मांडणीची होती. ज्यांना मागे किंवा बाहेर ठेवायचं त्यांना चित्रकारानं पुढे आणलं होतं.

तेव्हा दोन चित्रांत मिळून तीन प्रकारच्या बायका झाल्या. जमिनीवर बसलेली पण जमीन हातात नसलेली फ्रान्सेस. जमिनीत राबणारी पण चित्रातून गाळलेली मजूर. आणि दुसऱ्याच्या जमिनीवर सांडलेलं वेचणाऱ्या या तिघी. आपल्या कामात या तिघी आपल्याला रोज भेटतात, आणि तिघींचा प्रश्न एकच आहे असं धरून चाललं की घोटाळा होतो.

पहिलीचा प्रश्न वाटणीचा आहे. आपल्या राज्यानं १९९४ साली कायदा दुरुस्त करून मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाइतका वाटा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. २००५ साली देशभराच्या दुरुस्तीनं ती अट गेली. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानं येतो, २००५ साली वडील हयात होते की नव्हते यावर तो अवलंबून नाही. कागदावर एवढं आहे. तरी २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीच्या खात्यांपैकी बायकांच्या नावावरची खाती सुमारे १४ टक्केच निघाली. कारण सातबाऱ्यावरसुद्धा मांडणी असते. वडील गेले की भावांची नावं कब्जेदार म्हणून चढतात आणि आई-बहिणींची नावं ‘इतर अधिकार’ या रकान्यात जातात. बाई कागदावर आहे, बाकावर बसलेली आहे, पण कडेला. फेरफाराची नोटीस आली की नाव कुठल्या रकान्यात धरलं आहे हे बघा, असं आपण सकाळी म्हणालो ते यासाठी.

शेतकरी महिला आघाडीच्या बायका १९८६ साली चांदवडला लाखांनी जमल्या आणि त्यानंतर लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत गावोगाव नवऱ्यांनी बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा केला. शंभर घरांनी केलं की ते गाव लक्ष्मीमुक्त. काही ठिकाणी ते नावापुरतं राहिलं हे खरं. पण नवरा गेल्यावर ज्या बाईला पीककर्ज, विमा, सरकारी मदत यांसाठी खेटे घालावे लागतात, तिला विचारा नावापुरतं म्हणजे किती.

दुसरी आणि तिसरी यांचा प्रश्न वाटणीनं सुटणार नाही, कारण घरात वाटायला जमीनच नाही. दलित भूमिहीन कुटुंबातल्या बाईला भावाकडून काय मागायला सांगणार? तिची लढाई गायरानाची आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, त्यांत बायका मुलांना कडेवर घेऊन तुरुंगात गेल्या. आदिवासी बाईसाठी २००६ चा वनहक्क कायदा आहे. त्यात लग्न झालेल्यांचा दाखला नवराबायको दोघांच्या नावानंच द्यायचा असं लिहिलेलं आहे. दावे भरताना ते दुसरं नाव राहून जाणार नाही, हे आपण पाहायचं. आणि भुईमूग काढल्यावर खुरपं घेऊन सरव्याला जाणाऱ्या बाईला रानातून कोणी हाकललं, तर ती ‘चोरी’ कशी ठरते, हाही आपल्या बैठकीत यायचा विषय आहे.

आता कामाचं बोलून थांबते. पुढच्या महिन्यात गावातल्या बैठकांना जाताना कोरे कागद आणि रंगीत खडू न्या. प्रत्येकीला तिच्या शेताचं, नसेल तर ज्या शेतात ती कामाला जाते त्याचं चित्र काढायला सांगा. ‘मला येत नाही’ म्हणतील, तरी काढू द्या. काढून झालं की चारच प्रश्न विचारा. तू स्वतःला कुठे काढलंस? उभी की वाकलेली? सगळ्यात मोठं कोणाला काढलंस? आणि जे या शेतात असतात पण कागदावर आले नाहीत ते कोण?

बऱ्याचजणी स्वतःला काढणारच नाहीत असा माझा अंदाज आहे. बैल काढतील, विहीर काढतील, नवरा काढतील. ते चित्र फाडू नका आणि दुरुस्तही करू नका. त्याच्या शेजारी त्या शेताचा सातबारा ठेवा, दोन्हींत ती कुठे आहे ते तिला बोटानं दाखवू द्या, आणि वारसनोंदीचा अर्ज त्यानंतर पुढे करा.